कशावरूनबाई

माणसं रागावली की ओरडतात. आमच्या बाई रागावल्या की त्यांचा आवाज खाली जायचा. इतका खाली, की मागच्या बाकावरच्या मुली पुढं वाकून कान द्यायच्या. आणि आवाज खाली गेला की त्यांची पुस्तकी मराठी गळून पडायची नि तळातून आष्ट्याची बोली वर यायची. "काय गं, डोळं हायती का कवड्या?" एवढं त्या हळूच म्हणाल्या की समजायचं, आज कुणाची तरी धडगत नाही. सांगलीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत छडीवाल्या बाई दोन होत्या. त्यांना आम्ही भीत नव्हतो. या बाईंच्या हातात खडूशिवाय काही नसे, आणि त्यांच्या तासाला माझ्या तळहातांना घाम सुटत असे.

त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणी घेत नसे. आम्ही त्यांना कशावरूनबाई म्हणायचो. तुम्ही काहीही बोला, त्यांचा पहिला शब्द तोच. एकदा एका मुलीनं नुसतं सांगितलं, "बाई, आज एकादशी आहे." "कशावरून?" "आई म्हणाली." "आईला कसं कळलं?" "भटजींनी सांगितलं." "आणि भटजींना?" "पंचांग बघून." "मग पंचांगात ती कुठं लिहिलेली असते, ते बघितलंस कधी? उद्या बघून ये." ती पोर दुसऱ्या दिवशी पंचांगच घेऊन आली, आणि आम्ही सगळ्या अर्धा तास तिथी शोधत बसलो. बाई स्वतः जैन. एकादशीशी त्यांना काही घेणं नव्हतं. पण तिथी कशी वाचायची ते शोधताना त्यांच्या कपाळावरची आठी तेवढी मावळली होती.

त्यांचा सगळ्यांत मोठा वैरी म्हणजे 'म्हणे' हा शब्द. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तो कायमचा लिहिलेला असायचा आणि त्याच्यावर आडवी काट मारलेली असायची. "या एका शब्दानं आपल्या मुलखात जेवढी माणसं मारली असतील, तेवढी पटकीनंही मारली नसतील," असं त्या म्हणत. आमच्या वह्यांची पानं त्यांनी मधोमध दुमडायला लावली होती. डावीकडं 'पाहिलं', उजवीकडं 'ऐकलं'. ऐकलं असेल तर ज्याच्याकडून ऐकलं त्याचं नाव लिहायचं. नाव नसलं की ती ओळ त्या लाल शाईनं खोडत. युद्धाचे दिवस, कागद मिळायची मारामार. तरी या दुमडलेल्या वहीत त्या कधी काटकसर करू देत नसत.

कृष्णा कोणत्या दिशेला वाहते, असं त्यांनी एकदा विचारलं. आम्ही अकरा जणींनी एका सुरात 'पूर्वेला' म्हटलं, कारण भूगोलाच्या पुस्तकात तसं होतं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि सगळ्या वर्गाला घाटावर नेलं. बाभळीचा पाला पाण्यात सोडायला लावला. पाला चालला दक्षिणेला. आम्ही एकमेकींकडं बघायला लागलो. एक जण धिटाईनं म्हणाली, "बाई, पुस्तक चुकलं." बाईंचा आवाज खाली गेला. "पुस्तक चुकलं न्हाई. पुस्तक अख्ख्या नदीचं बोलतंय, तुमी ह्या घाटाचं बोला. पर रोज हितं धुणं घेऊन येता, आणि पाणी कुठं जातंय ते एकीलाबी ठावं न्हाई. लाज वाटू द्या." लाज वाटली. त्यानंतर आठ दिवस आम्ही नदीच्या काठाकाठानं हिंडून तिची वळणं कागदावर उतरवत होतो. हरिपूरच्या संगमापर्यंत गेलो. माझ्या आयुष्यातला पहिला नकाशा मी नकललेला नाही, चालून काढलेला आहे.

हा राग बाईंकडं कुठून आला, ते आम्हांला एकदाच कळलं. लग्नानंतर वर्षाच्या आत त्यांचे यजमान वारले. सासरची माणसं म्हणाली, पोरगी पांढऱ्या पायाची. बाई तेव्हा सतरा वर्षांच्या. त्यांनी काय केलं, तर डोक्यावर पदर घेऊन नवऱ्याच्या वैद्याचं घर गाठलं आणि विचारलं, खोकल्याचं औषध कधीपासून चालू होतं? वैद्य भला माणूस. त्यानं खरं सांगितलं: लग्नाच्या आधी दोन वर्षांपासून. "म्हणजे मला बघायला आले तेव्हा त्यांना ठाऊक होतं," बाई आम्हांला म्हणाल्या. "आणि पाय माझे पांढरे." पुढं त्यांनी इतिहासाचा तास घेतला, पण त्या दिवशी आम्हांला इतिहासातलं काही ऐकू आलं नाही.

आमच्या वर्गात हौसा नावाची मुलगी होती. तिचा बाप ज्ञानू हरिपूरच्या रस्त्याला हळदीच्या पेवांवर हमाल. हमालाची पोर सहावीपर्यंत शिकते आहे, ही त्या काळी बघायला जावं अशी गोष्ट होती. ते बाईंचं काम. त्यांनी हमालांच्या वस्तीत जाऊन ज्ञानूशी भांडण केलं होतं, आणि भांडणात हरलेला ज्ञानू पुढं त्यांचा भक्तच होऊन बसला. एकदा धड्यात हळदीचा उल्लेख आला. हळद वर्षानुवर्षं जमिनीखाली कशी टिकते, असं एकीनं विचारलं. बाई म्हणाल्या, "मला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारू." आणि दुसऱ्या दिवशी ज्ञानू हमाल आमच्या वर्गात आला. बाईंनी त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. तो बसेना. बाईंनी आवाज खाली नेला, मग बसला.

तासभर तो बोलला. पेव म्हणजे चार-पाच पुरुष खोल खड्डा, तोंड एवढंसं आणि पोट मोठं. आत उसाचा पाला कसा लावायचा, हळद कशी भरायची, तोंडावर फरशी ठेवून माती कशी लिंपायची. मग म्हणाला, "आन पोरींनो, भरण्यापरीस उगडनं वाईट. आत वारा कोंडून मरून पडलेला असतुय. फरशी काडली की एक दीस तसंच ठिवायचं. मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील इजला तर मानूसबी इजतुया. मग कुनी कितीबी सांगू दे, उतरायचं न्हाई." आम्ही हे 'ऐकलं' खाली लिहिलं, समोर ज्ञानूचं नाव घातलं. हौसाची मान त्या दिवशी इतकी ताठ झाली होती, की मला तिचा हेवा वाटला. माझे वडील त्याच पेवांच्या मालकाकडं, शेठच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांना कुणी कधी वर्गात बोलावलं नव्हतं.

चार महिन्यांनी ज्ञानू पेवात मेला.

दुसऱ्या दिवशी शाळेत आलो तेव्हा हौसाची जागा रिकामी होती आणि वर्गात कुजबूज चालू होती. बाई आत आल्या. कुणीतरी सांगितलं, "बाई, ज्ञानूला पेवानं घेतलं. हौसाची आई विटाळशी असताना भाकरी घेऊन गेली, तिची सावली पेवावर पडली म्हणे." बाईंनी फळ्याकडं बोटही केलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या, ज्या खुर्चीवर ज्ञानू बसला होता. मग म्हणाल्या, "पेवानं का घेतलं, हा प्रश्नच न्हवं. त्यो हितं बसून आपल्याला काय सांगून गेला? कंदील इजला तर उतरायचं न्हाई. ज्याला हे सगळ्यांपेक्षा जास्त ठावं हुतं, तो मानूस उतरला का? हा प्रश्न हाय. आणि दुसरा. सावलीची गोष्ट कुणी काढली?"

त्यांनी काम वाटून दिलं. काही जणींनी हमालांना विचारायचं, फरशी कधी काढली, कंदील सोडला का. उरलेल्यांनी सावलीच्या गोष्टीचा माग काढायचा. कुणी सांगितलं? तिला कुणी सांगितलं? त्याच्या आधी कुणी? नाव मिळालं की त्या नावाकडं जायचं, थांबायचं नाही. "अफवेलाबी आई-बाप असत्यात," बाई म्हणाल्या. "हुडकून काढा."

मी दुसऱ्या गटात होते. पाणवठ्यावरच्या बाईनं परटिणीचं नाव सांगितलं, परटिणीनं वाण्याच्या बायकोचं, वाण्याच्या बायकोनं आमच्या शेजारच्या काकूंचं. काकू हसून म्हणाल्या, "अगं, मला तर तुझ्या आईनंच सांगितलं." घरी येऊन आईला विचारलं. आई भाजी चिरत होती. वर न बघता म्हणाली, "तुझे बाबाच म्हणाले, त्या दिवशी जेवताना."

वहीत बाबांचं नाव लिहिताना मला आधी काही वाटलं नाही. माग लागल्याचा आनंदच इतका होता. नंतर हात थांबला, कारण डावी बाजू कोरी होती आणि तिथं लिहिण्यासारखं माझ्याकडं होतं, जे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्ञानू मेला त्या सकाळी बाबांचा डबा घेऊन मी पेवांवर गेले होते. शाळेला सुट्टी होती. मी पोहोचले तेव्हा फरशी नुकतीच काढली होती. फरशीखालची माती अजून ओली होती. ज्ञानू म्हणाला, "दिवाणजी, आज नगं. निदान कंदील तरी सोडू द्या." बाबा म्हणाले, "रेल्वेची वॅगन आजची आहे. महिन्यानं मिळालीय. कंदील शोधत बसलास तर शेठ तुलाही पेवात घालतील नि मलाही." ज्ञानूनं माझ्याकडं बघितलं, जरासं हसला, आणि दोरी कमरेला बांधली. बाबांनी डबा उघडला. हौसाची आई तिथं आलीच नव्हती. ज्ञानूची भाकरी फडक्यात बांधून बाभळीला टांगलेली होती.

हे सगळं मी 'पाहिलं' खाली लिहिलं. बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग मला एकटीला बाहेर नेऊन म्हणाल्या, "हे तुझे वडील आहेत. तुला घरी जायचं आहे. खोडायचं असेल तर आज खोड, मी काही म्हणणार नाही. उद्या खोडता येणार नाही." मी म्हटलं, खोडायचं नाही. बारा वर्षांची होते. खरं सांगायची एवढी झिंग असते, हे मला ठाऊक नव्हतं. आणि ती किती लवकर उतरते, हेही नव्हतं. कधी कधी मला बाईंचाच राग येतो. मी नको म्हणाले तरी त्यांनी ते पान स्वतः फाडून टाकायला हवं होतं, असं वाटतं. मग आठवतं, की त्या पानाशिवाय हौसाच्या आईच्या बाजूनं बोलणारं जगात दुसरं काही नव्हतं. तिला तेव्हाच पाणवठ्यावर घागर बुडवू देईनासे झाले होते.

बाई अर्ज-विनंत्यांच्या भानगडीत पडल्या नाहीत. सगळ्या वह्या घेऊन त्या सरळ शेठच्या पेढीवर गेल्या. म्हणाल्या, "हे वाचा. कंदील सोडल्याशिवाय कुणी पेवात उतरायचं नाही, असा नियम करा. आणि त्या बाईवरचा आळ तुमच्या तोंडानं मागं घ्या." शेठनी त्यांना चहा विचारला. वह्या ठेवून घेतल्या. मुलींना किती छान शिकवता, असंही म्हणाले. शेठ आमच्या शाळेच्या कमिटीवर होते.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी शाळेत कमिटी बसली. बाईंना एका कडेला बसवलं होतं. आम्हांला एकेकीला आत बोलावत होते. आधीच्या मुलींनी हमालांचं सांगितलं होतं, पण ज्या हमालांची नावं होती ते सगळे आता 'आमी तसं बोललोच न्हाई' म्हणत होते. त्यांची पोटं त्याच पेवांवर. राहिलं माझं पान. मी आत गेले. शेठच्या मागं बाबा उभे होते, हातात टोपी घेऊन. बाबांना मी घराबाहेर टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडं बघत नव्हते. टोपीची घडी उलटीसुलटी करत होते.

कमिटीच्या अध्यक्षांनी माझी वही पुढं केली. "बाळ, हे तू डोळ्यांनी पाहिलंस?"

मी बाईंकडं बघितलं. त्यांनी मला खूणही केली नाही. त्यांना करायची असती तरी त्या करणाऱ्यातल्या नव्हत्या.

"नाही," मी म्हटलं. "ऐकलं."

"कुणाकडून? बाईंनी लिहायला सांगितलं?"

मी मान हलवली. एकदा. वरून खाली. त्या एका हेलकाव्यानं सगळं मिटलं. मुलींच्या मनात भलतंसलतं भरवते, वडिलधाऱ्यांविरुद्ध लिहायला लावते, असा ठपका ठेवून कमिटीनं बाईंना महिनाअखेर काढून टाकलं. आणि हौसाच्या आईची सावली कायमची पेवावर पडली.

महिना संपेपर्यंत बाई रोज आल्या. एक तास चुकवला नाही, एक मिनिट आधी वर्ग सोडला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी व्याज-त्रैराशिक घेतलं, अगदी घंटा होईपर्यंत. मग तपासलेल्या गणिताच्या वह्या वाटल्या. प्रत्येकीच्या वहीत नेहमीसारखी लाल शाई सांडलेली होती. माझी वही कोरी होती. एक चूक दाखवलेली नव्हती. आणि चुका होत्या, मला दिसत होत्या. चार वर्षांत मला एवढी मोठी शिक्षा झाली नव्हती. बाईंनी फळ्यावरचा तो कोपरा स्वतःच्या पदरानं पुसला आणि त्या निघून गेल्या. नवीन बाई आल्या, त्या गोड होत्या. त्या प्रश्न विचारत नसत. आम्ही भराभर पास झालो.

पुढची पाच वर्षं आमच्या घरात ज्ञानूचं नाव कुणी घेतलं नाही. बाबा माझ्याशी पूर्वीपेक्षा मऊ बोलायचे, आणि तो मऊपणा मला चिडवायचा. दिवाळीला त्यांनी मला जरीकाठी परकर आणला तर मी तो ट्रंकेच्या तळाशी घातला. स्वातंत्र्य आलं, त्याच्या दुसऱ्या वर्षी बाबा गेले. त्यानंतर मला धीर झाला. कुणापासूनच काही धोका उरला नाही तेव्हा जो होतो, त्याला धीर म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा. मी तेव्हा शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जाणार होते. बाई कडेगावला लोकल बोर्डाच्या शाळेत आहेत, असं कळलं. सर्व्हिस मोटारीत बसून गेले.

शाळा म्हणजे एका देवळाची ओवरी होती. बाई तिथं पंधरा-वीस पोरांना घेऊन बसल्या होत्या आणि पोरं एका मुंगळ्याचे पाय मोजत होती. केस पिकले होते. मला बघून त्या उठल्या, पाण्याचा तांब्या पुढं केला, मी पिऊन होईपर्यंत थांबल्या. मी पाया पडले आणि वाटभर घोकलेलं वाक्य म्हटलं, "बाई, मी त्या दिवशी खोटं बोलले."

"ठाऊक आहे. मी तिथंच बसले होते."

"मला क्षमा करा."

त्यांचा आवाज खाली गेला. "कडेगावपातूर आलीस. हमालांची वस्ती सांगलीत तुझ्या घरापासनं किती लांब हाय?"

मी पोरांच्या मुंगळ्याकडं बघत राहिले.

"माजी एक नोकरी गेली, दुसरी मिळाली. माज्याकडं काय आलीस? हौसाची आई कशी हाय?"

"ठाऊक नाही."

"तिच्या दारात गेलीस कवा?"

"नाही."

"मग हितं काय करतीस? तुला बरं वाटावं म्हणून मी हितं बसलीया व्हय? जा. परतीची मोटार तीनला हाय." आणि त्या पोरांकडं वळल्या. "किती झालं रं पाय? मोजलंस का नुसतं बघतुयास?"

येताना मोटारीत मी रागानं रडले. एवढ्या लांबून आलेल्या मुलीला कुणी असं वागवतं का? सांगली येईपर्यंत राग टिकला. मग संपला, आणि खाली जे होतं ते उघडं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीत गेले. बायना, हौसाची आई, दारात तांदूळ निवडत होती. मी ओळख सांगितली. तिनं आत या म्हटलं नाही. हौसाचं विचारलं तर म्हणाली, "दिली तिकडं लांब, घाटाखाली. असल्या आईच्या पोरीला जवळचं कोन करतंय?" मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ओली माती, ज्ञानूचं बोलणं, बाबांचं बोलणं, बाभळीला टांगलेली भाकरी, आणि कमिटीपुढं हललेली माझी मान. ती रडली नाही. म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. "कंदील मागितला हुता त्यांनी?" "हो." "आन मी तितं नव्हतेच." "नव्हतीस."

"मला ठावंच की मी नव्हते," ती म्हणाली. "पर पाच वरसं समदी सांगत्यात, तवा माजं मलाच वाटाया लागलं, गेले आसंन. झोपंत गेले आसंन."

मग तिनं माझं मनगट धरलं. तिच्या हाताला एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. ओढत मला गल्लीच्या मधोमध आणलं आणि हाक दिली, "आवं या गं समद्या! दिवाणजींची लेक आलीया. तिचं ऐका." बायका दारांतून आल्या, दोघी-तिघी पाण्याच्या घागरी घेऊन तशाच थांबल्या. "आता सांग," बायना म्हणाली. "मला सांगितलंस तसंच. मोठ्यानं."

मी सांगितलं. बाबांचं नाव घेताना जीभ अडली, पण सांगितलं. एक म्हातारी पुटपुटली, "तवा तर समदेच म्हनत हुते बाई." बायना तिच्याकडं वळून म्हणाली, "तूबी म्हनत हुतीस. माजी घागर तूच उपडी केलीस." म्हातारी खाली बघायला लागली. कुणी कुणाची समजूत घातली नाही. बायनानं माझं मनगट सोडलं, घरात गेली आणि दार लावून घेतलं. मला वाटलं होतं, ती काहीतरी बोलेल. निदान शिवी तरी देईल.

त्या रात्री नव्हे, चार दिवसांनी मी बाईंना पत्र लिहिलं. चांगलं चार पानी. मला काय वाटलं, किती भीती वाटली, मनावरचं ओझं कसं हललं, सगळं लिहिलं. पेवांवर अजून कंदिलाचा नियम नाही, ज्ञानूनंतर दुसऱ्याच वर्षी आणखी एक हमाल तसाच गेला, हेही शेवटी लिहिलं. पत्र टाकून आले तेव्हा मला कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं.

आठवड्यानं कार्ड आलं. बाईंनी मला लिहिलेलं ते एकच. बाईंना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, कार्ड माझ्यापाशी आहे. अक्षर तेच, शाई लाल.

"पत्र मिळालं. चार पानांतली तीन पानं तुझ्याविषयी आहेत. दुसऱ्या वर्षी गेलेल्या माणसाला तू 'आणखी एक हमाल' असं लिहिलं आहेस. त्याचं नाव काय? घरी कोण आहे? त्याच्या मरणाचा दोष कुणाला दिला? अर्धवट माहिती पाठवू नये."

खाली सही. आशीर्वाद नाही, क्षेम नाही.

मी ते कार्ड भिरकावून दिलं. आईला म्हटलं, या बाईला काळीज नाही. पाच मिनिटांनी मी कार्ड उचललं, चपला घातल्या आणि हरिपूरच्या रस्त्याला लागले. पहिल्या पेवापाशी एक म्हातारा सुतळी वळत बसला होता. त्याला आठवेना. दुसऱ्याला आठवत होतं पण सांगेना. तिसऱ्यानं घर दाखवलं.

त्याचं नाव मारुती. वय बावीस. घरी आई होती, एकटी. लेकाला तिचीच दृष्ट लागली, असं तिला सांगितलं होतं.